अध्यक्ष कोण : मवाळ की जहाल?
मध्यप्रांतात १९०७ साली गाजलेल्या एका निवडीची हकीकत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीबरोबरच या प्रदेशातील मराठी माणसाच्या इतिहासाचेही एखादे पान असावे, ही संपादक मंडळाची इच्छा आम्हांस सर्वस्वी रास्त वाटली. बिंबाजी भोसल्यांची रतनपूरची राजवट, १८१८ नंतर रायपुरास आलेले महत्त्व, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावरही येथेच राहिलेली मराठी घराणी, हा सारा वृत्तांत आपल्या वाचकांच्या परिचयाचा आहे. म्हणून आम्ही थोडा निराळा विषय निवडला. एका पक्षाने आपला पुढारी निवडताना ‘कोण योग्य’ असे विचारावे की ‘कोण चालेल’ असे विचारावे, हा प्रश्न १९०७ साली या प्रांतात इतका चिघळला की त्यापायी काँग्रेसचे अधिवेशन नागपुराहून उठले, सुरतेस गेले आणि तेथे मोडले. त्या वादाची एक ठिणगी आपल्या रायपुरातही पडली होती.

हा प्रश्न केवळ जुना म्हणून सोडून देता येत नाही. आपल्यांपैकी कित्येकांची मुले-नातवंडे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत आणि तेथील ‘प्रायमरी’ निवडणुकांच्या गोष्टी त्यांच्याकडून आपल्या कानांवर येतात. १९५२ साली तेथील रिपब्लिकन पक्षात सनातनी मंडळींचे लाडके पुढारी सिनेटर टॅफ्ट होते. पण ‘टॅफ्ट निवडून येणार नाहीत’ या एकाच वाक्याच्या जोरावर मध्यममार्गी सेनापती आयसेनहॉवर यांना उमेदवारी मिळाली, आणि ते अध्यक्षही झाले. पुढे १९६४ साली त्याच पक्षाने मध्यममार्गी रॉकफेलर यांना दूर सारून कडव्या मताच्या गोल्डवॉटर यांना उभे केले, आणि त्यांना अवघी सहा राज्ये मिळाली. यावरून मवाळ उमेदवार नेहमीच अधिक ‘चालतो’ असा सिद्धान्त काही लोक काढतात. आम्हांस तो तितकासा पटत नाही. आमच्या मते खरा प्रश्न ‘चालेल’ हा नसून ‘कोणाला चालेल’ हा आहे, आणि या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहसा कोणी मोकळेपणाने देत नाही. १९०७ सालची हकीकत या दृष्टीने वाचण्याजोगी आहे.

प्रथम त्या काळची पद्धत ध्यानात घेतली पाहिजे. काँग्रेसचा अध्यक्ष तेव्हा वर्षातून एकदा, डिसेंबरात भरणाऱ्या अधिवेशनापुरता निवडला जाई. ज्या गावी अधिवेशन, तेथील स्वागत समितीने नाव सुचवावे आणि भर मंडपात टाळ्यांच्या गजरात ते मान्य व्हावे, असा शिरस्ता होता. वरवर पाहता हा केवळ मानाचा विषय. पण अध्यक्षाचे भाषण हेच त्या वर्षीचे काँग्रेसचे मत समजले जाई, विषयनियामक समितीवर त्याचा वचक असे, आणि कोणता ठराव मंडपात यावा व कोणता येऊ नये हे बरेचसे त्याच्या हाती असे. शिवाय मुंबईचे फिरोजशहा मेहता आणि त्यांचे स्नेही यांच्या संमतीवाचून नाव पुढे येत नसे, हेही सर्वांस ठाऊक होते. आपल्या बाजूला या मानाची सवय नव्हती असे नाही. १८९१ साली नागपुरास आनंद चार्लू, १८९७ साली अमरावतीस शंकरन नायर अध्यक्ष झाले होते. अमरावतीच्या अधिवेशनात स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते. त्याच गावचे दुसरे नामांकित वकील म्हणजे रघुनाथ नरसिंह मुधोळकर. एका गावचे, एका व्यवसायाचे, एका सभेचे हे दोघे पुढारी पुढील दहा वर्षांत दोन विरुद्ध तटांवर उभे राहिले. ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

१९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि देशाचे वातावरण पालटले. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही चतुःसूत्री लोकांच्या तोंडी बसली. अर्ज-विनंत्यांवर भरवसा ठेवणारे ते मवाळ आणि लोकबळावर भरवसा ठेवणारे ते जहाल, अशी नावेही रूढ झाली. १९०६ चे अधिवेशन कलकत्त्यास व्हावयाचे होते. बिपिनचंद्र पाल यांनी अध्यक्षपदासाठी लोकमान्य टिळकांचे नाव पुढे केले. मवाळ पुढाऱ्यांची मोठी अडचण झाली. टिळकांना उघड विरोध करावा तर बंगालची तरुण मंडळी बिथरणार, आणि त्यांना मान्य करावे तर सरकारदरबारी उरलीसुरली पत जाणार. सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि भूपेंद्रनाथ बसू यांनी मग एक डाव टाकला. विलायतेत असलेल्या दादाभाई नौरोजींना त्यांनी पाचारण केले. दादाभाईंचे वय तेव्हा ८१ वर्षांचे होते. ते आले, आणि टिळकांच्या पक्षानेही हूं की चूं केले नाही.

दादाभाईंच्या निवडीला कित्येक लेखक नुसती युक्ती म्हणतात. युक्ती होती यात संशय नाही. परंतु ती फळास का आली, हे पाहिले पाहिजे. ‘हा माणूस चालणार नाही’ हे वाक्य दादाभाईंनी स्वतः आयुष्यभर ऐकले होते. १८८६ साली लंडनच्या होबर्न मतदारसंघात ते हरले. १८८८ साली इंग्लंडचे पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी जाहीर सभेत शंका काढली, की काळ्या माणसाला निवडून देण्याइतकी इंग्रज मतदारांची अद्याप तयारी झालेली नाही. सेंट्रल फिन्सबरीत त्यांच्याच लिबरल पक्षातील एका गटाला त्यांची उमेदवारी नको होती, आणि प्रतिस्पर्धी मंडळींचा मुख्य आक्षेप हाच होता, की या माणसामुळे जागा हातची जाईल. दादाभाई मागे हटले नाहीत. १८९२ साली ते निवडून आले, तेही अगदी मोजक्या मतांनी.  ज्याला ‘न चालणारा’ ठरवले होते तो मोजक्या मतांनी का होईना, पण पार्लमेंटात जाऊन बसला. असा माणूस १९०६ साली कलकत्त्यास आला तेव्हा मवाळांना तो आपला वाटला, कारण तो सनदशीर मार्गाचा होता. जहालांनाही तो आपला वाटला, कारण हिंदुस्थानची संपत्ती विलायतेस कशी वाहून जाते हे आकड्यांनिशी त्यानेच प्रथम शिकवले होते. त्यांच्या अध्यक्षतेखाली चतुःसूत्रीचे ठराव संमत झाले आणि ‘स्वराज्य’ हा शब्द काँग्रेसच्या व्यासपीठावरून अध्यक्षांच्या मुखातून निघाला. मवाळांनी आणलेल्या अध्यक्षाने जहालांचे कार्य केले, असे कोणी म्हटल्यास ते फारसे चूक ठरणार नाही.

त्याच कलकत्त्यास दोन निर्णय असे झाले की त्यांचे फळ आपल्या प्रांताला भोगावे लागले. पुढील अधिवेशन नागपुरास घ्यावयाचे ठरले, आणि अध्यक्ष निवडण्यासाठी नवा नियम झाला. प्रांतिक समित्यांनी नावे सुचवावीत, स्वागत समितीने त्यांतून तीनचतुर्थांश बहुमताने एकाची निवड करावी, आणि तसे बहुमत न झाल्यास मध्यवर्ती स्थायी समितीने निकाल द्यावा, असा त्याचा मथितार्थ. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. निसटत्या मताधिक्याने कोणी देशाचा अध्यक्ष होऊ नये, बहुतेकांना मान्य असा माणूस यावा, हा तो हेतू. पण गणित निराळेच बोलत होते. तीनचतुर्थांश लागतात याचा अर्थ एकचतुर्थांशाहून थोडे अधिक लोक हटून बसले की निवड अडते. ज्या सभेत दोन तट आहेत, तेथे हा नियम दोघांच्याही हाती नकाराचे शस्त्र देतो आणि होकाराचे बळ कोणालाच देत नाही. शिवाय शेवटचा निकाल ज्या स्थायी समितीकडे, तिच्यात मवाळांचे प्राबल्य होते. तेव्हा मवाळांना निवड जुळवून घेण्याची निकड नव्हती, आणि जहालांना ती अडवून धरण्यापलीकडे दुसरा उपाय नव्हता.

नागपूरच्या वादाची पूर्वसूचना रायपुरास मिळाली. मध्यप्रांताची तिसरी प्रांतिक राजकीय परिषद १९०७ साली आपल्या शहरात भरली. स्वागताध्यक्ष डॉ. हरिसिंह गौर होते, तेच पुढे १९४६ साली सागर विद्यापीठ स्थापन करणारे विख्यात कायदेपंडित. परिषदेचा आरंभ ‘वंदे मातरम्’ने व्हावा असा आग्रह दादासाहेब खापर्डे आणि त्यांच्या पक्षाने धरला, स्वागत समितीतील सौम्य मंडळींना तो पसंत नव्हता. आजच्या वाचकाला वाटेल, एका गीतावरून एवढा वाद कशाला? पण बंगालच्या आंदोलनात त्या गीताला जे स्थान आले होते त्यामुळे सरकारी अधिकाऱ्यांच्या कपाळी आठ्या पडत, आणि परिषदेला येणाऱ्या वकील, मालगुजार व पेन्शनर मंडळींना त्या आठ्यांची धास्ती असे. म्हणजे प्रश्न पुन्हा तोच : गीत योग्य आहे काय, असा नव्हे, गीत चालेल काय, आणि कोणाला? मध्यप्रांतातील पुढाऱ्यांचे दोन तट रायपूरकरांनी प्रथम उघड्या डोळ्यांनी पाहिले ते या परिषदेत.

त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये नागपुरात ‘हिंद केसरी’ हे साप्ताहिक सुरू झाले. लोकमान्यांच्या ‘केसरी’तील विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणे हा त्याचा उद्देश, आणि त्यामागचे मुख्य बळ म्हणजे आपले पंडित माधवराव सप्रे. १९०० साली रामराव चिंचोलकरांसमवेत पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे आणि वामनराव लाख्यांसारखा खंदा पाठीराखा लाभलेले सप्रे यांची निराळी ओळख रायपूरकरांना करून देणे नको. एवढेच सांगावयाचे, की मराठी मायबोलीचा हा माणूस हिंदी पत्रातून टिळकांचा पक्ष मांडत होता आणि नागपूरच्या धुमश्चक्रीत मनाने पुरता उतरला होता.

नागपुरात उमेदवार दोन होते. मवाळांच्या वतीने कलकत्त्याचे डॉ. रासबिहारी घोष, जहालांच्या वतीने टिळक. गंगाधरराव चिटणवीस, सर बिपिनकृष्ण बोस आदी प्रतिष्ठित मंडळी घोषांच्या बाजूस, आणि डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे व त्यांचे तरुण सहकारी टिळकांच्या बाजूस. मवाळांचा युक्तिवाद थोडक्यात असा : टिळक थोर आहेत, पण ते एका पक्षाचे आहेत. ते अध्यक्ष झाले तर मुंबई-मद्रासचे वजनदार लोक येणार नाहीत, सुधारणांचा विचार करणारे मोर्ले साहेब हात आखडते घेतील आणि सरकारला दडपशाहीस निमित्त मिळेल. घोष कोणालाही खुपणार नाहीत. जहालांचे उत्तर असे : कोणालाही न खुपणारा अध्यक्ष म्हणजे ज्याने काही केले नाही तो अध्यक्ष. घोष काँग्रेसच्या कामात पुढे आले तेच मुळी १९०६ साली, कलकत्त्याच्या स्वागत समितीचे अध्यक्ष म्हणून. वर्षाच्या आत त्यांना सर्वोच्च मान, आणि सत्तावीस वर्षे वृत्तपत्र चालवून तुरुंग भोगून आलेल्या टिळकांना मात्र तो वर्ज्य, हा कोठला न्याय?

येथे आम्हांस घोषांची बाजू थोडी मांडणे अगत्याचे वाटते. कारण मराठी लेखनात त्यांचे नाव बहुधा सुरतेच्या खुर्चीपुरतेच येते. हे गृहस्थ सरकारचे होयबा नव्हते. बंगालमध्ये १९०६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेचे ते अध्यक्ष होते. त्या परिषदेच्या महाविद्यालयाचे प्राचार्य कोण होते? जहालांचे अग्रणी अरविंद घोष. १९०७ च्या नोव्हेंबरात राजद्रोही सभांच्या बंदीचा कायदा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात आला तेव्हा रासबिहारींनी त्याला विरोधच केला. पुढे कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयास त्यांनी लाखो रुपये दिले. निराळ्या वर्षी, निराळ्या रीतीने त्यांचे नाव आले असते, तर दोन्ही पक्षांनी ते मान्य केले असते असे मानण्यास जागा आहे. पण ‘टिळक नकोत’ एवढ्यासाठी ते पुढे आणले गेले, आणि ज्याची सारी पात्रता दुसऱ्याला अडवण्यात आहे अशा उमेदवाराच्या अंगचे गुणही मग लोकांस दिसेनासे होतात.

सप्टेंबर १९०७ मध्ये नागपूरच्या स्वागत समितीची सभा गोंधळात उधळली गेली. घोषांसाठी तीनचतुर्थांश मते जमत नव्हती आणि टिळकांसाठीही जमत नव्हती. सभागृहात आरडाओरड आणि बाहेर जमाव, असा तो प्रकार झाला. आमची सहानुभूती कोणत्या बाजूस आहे हे चतुर वाचकांनी एव्हाना ताडले असेल. तरीही हे म्हणणे भाग आहे, की त्या दिवशीच्या वर्तनाने नागपूरच्या जहालांनी प्रतिपक्षाच्या हाती आयते कोलीत दिले. ‘नागपूर सुरक्षित नाही’ असे म्हणण्यास मवाळांना याहून चांगले निमित्त मिळाले नसते. नोव्हेंबरात मुंबईस फिरोजशहा मेहतांच्या बंगल्यावर स्थायी समिती बसली आणि अधिवेशन नागपुराहून काढून सुरतेस नेण्याचे ठरले. सुरत मुंबई इलाख्यात. अधिवेशनाचा अध्यक्ष सहसा यजमान प्रांताचा नसावा असा प्रघात होता, आणि टिळक मुंबई इलाख्याचे. जागा बदलली आणि उमेदवार आपोआप बाद झाला! मतांनी जे साधेना ते नकाशाने साधले. यात नियमभंग कोठेही नव्हता, आणि म्हणूनच त्याचा सल अधिक राहिला.

टिळकांनी मग स्वतःचा आग्रह सोडला. पंजाबचे लाला लजपतराय मे महिन्यात मंडालेस हद्दपार झाले होते. ते नोव्हेंबरात सुटून परतले. त्यांना अध्यक्ष करावे, ही सूचना जहालांनी उचलून धरली. ही सूचना सुंदर होती, कारण लालाजी काही टिळकपक्षाचे म्हणून ओळखले जात नव्हते; आणि हद्दपारीविरुद्ध खुद्द गोखल्यांनीही आवाज उठवला होता. परंतु गोखल्यांना ही निवड नको वाटली. सरकारच्या हाती केवढे सामर्थ्य आहे याची या लोकांना कल्पना नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारला डिवचले तर ते काँग्रेसचा गळा क्षणात आवळील, अशी भीती त्यांना वाटत होती. गोखल्यांच्या प्रामाणिकपणाविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. पण या एका उत्तराने ‘कोणाला चालेल’ या प्रश्नाचा उलगडा होतो. घोष चालत होते ते सरकारला चालत होते म्हणून. शेवटी लालाजींनी आपणहून नाव मागे घेतले.

सुरतेस १६०० हून अधिक प्रतिनिधी जमले. टिळकांनी तेथे निरोप पाठवला, की कलकत्त्याच्या चार ठरावांत काटछाट होणार नाही अशी हमी मिळाली तर घोषांच्या निवडीस आमचा विरोध राहणार नाही. म्हणजे वर्षभर ज्या नावावरून रण माजले, ते नाव सोडण्यास जहाल तयार होते. त्यांना ठराव हवे होते. हमी मिळाली नाही. त्यातच घोषांचे न झालेले भाषण कलकत्त्याच्या पत्रांत आधीच छापून आले आणि त्यात जहालांवर टीका आहे, असे तारेने कळले. २६ डिसेंबर रोजी अंबालाल साकरलाल देसाई यांनी घोषांचे नाव मांडले, सुरेंद्रनाथ अनुमोदनास उभे राहिले, आणि गलका इतका झाला की सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी बोलण्याची परवानगी मागणारी चिठ्ठी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांच्याकडे दिली होती. त्यांना बोलावले गेले नाही. टिळक व्यासपीठावर चढले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. पुढे काय झाले ते प्रसिद्धच आहे. खुर्च्या उडाल्या, काठ्या चालल्या, आणि एक जोडा सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहांच्या अंगावर गेला. तेथे हजर असलेल्या हेन्री नेविन्सन या इंग्रज पत्रकाराने तो जोडा मराठी घडणीचा होता अशी नोंद करून ठेवली आहे. मराठी माणसाच्या पादत्राणाला इतिहासात मिळालेले हे स्थान अभिमानाचे की शरमेचे, हे ज्याचे त्याने ठरवावे! पोलिसांनी मंडप रिकामा केला.

मवाळांनी लगेच निराळे संमेलन भरवले आणि एप्रिल १९०८ मध्ये अलाहाबादेस काँग्रेसची घटना तयार केली. तिचा सनदशीर ध्येयवाद ज्याला लेखी मान्य असेल आणि मान्यताप्राप्त समितीने ज्याला निवडले असेल, तोच यापुढे प्रतिनिधी. जहाल अर्थातच बाहेर राहिले. आता मवाळ उमेदवाराला अडवणारे कोणी उरले नाही. १९०८ साली मद्रासेस डॉ. घोष पुन्हा अध्यक्ष झाले, आणि या वेळी टाळ्यांखेरीज दुसरा आवाज झाला नाही. १९१२ साली बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद अमरावतीच्या मुधोळकरांकडे आले. वऱ्हाडातील मराठी माणूस काँग्रेसचा अध्यक्ष झाला, ही खरे तर केवढी अभिमानाची गोष्ट! मुधोळकर विद्वान, सालस आणि उद्योगधंद्यांविषयी कळकळ असलेले गृहस्थ होते. पण त्यांच्यापुढे मंडपात जेमतेम दोनशे प्रतिनिधी बसले होते. सुरतेत १६०० आणि बांकीपुरात २००. सर्वांना चालणारा अध्यक्ष मिळाला होता, कारण ज्यांना तो चालला नसता ते घरी होते. त्यांच्याच गावचे खापर्डे या काळात विलायतेत टिळकांच्या सुटकेसाठी खटपट करून आले होते.

मवाळांची भीती अगदीच पोकळ होती असे मात्र म्हणता येत नाही. जून १९०८ मध्ये टिळकांना अटक झाली आणि जुलैत सहा वर्षांची शिक्षा. ऑगस्टमध्ये ‘हिंद केसरी’च्या लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली सप्र्यांना पकडण्यात आले. सरकारने गळा आवळला तो अध्यक्षाचे नाव पाहून नव्हे. परंतु आवळला हे खरे. सप्र्यांवर घरच्यांचे अनिवार दडपण आले. त्यांनी क्षमापत्र लिहून दिले आणि ते सुटले. त्या काळी जहालांच्या वर्तुळात या गोष्टीची केवढी नालस्ती झाली असेल याची कल्पना करता येते. कालपर्यंत दुसऱ्यांना मवाळ म्हणणाऱ्यावर स्वतः त्याहून कठोर शब्द ऐकण्याची वेळ आली. सप्र्यांनी त्यावर समर्थन लिहिले नाही. राजकारणातून ते बाजूस झाले, समर्थ रामदासांच्या ग्रंथांत बुडाले, ‘दासबोधा’चा हिंदी अनुवाद केला, आणि ज्या टिळकांच्या पक्षासाठी तुरुंगात गेले, त्यांच्याच ‘गीतारहस्या’ला त्यांनी हिंदी रूप दिले. टिळकांनी ते काम त्यांच्या हाती विश्वासाने सोपवले होते. माणूस एकदा चुकला म्हणून तो टाकाऊ, हा हिशेब निदान मंडालेहून परतलेल्या लोकमान्यांचा नव्हता.

दोन्ही पक्षांचे मनोमीलन १९१६ साली लखनौस झाले. गोखले आणि मेहता आदल्या वर्षी निवर्तले होते. लखनौचे अध्यक्ष अंबिकाचरण मजुमदार हे मवाळच, आणि टिळकपक्षाने त्यांना निमूट मान्यता दिली. नऊ वर्षांपूर्वी जे अशक्य वाटले ते आता सहज झाले. कारण या वेळी नावामागे कोणाला वगळण्याचा हेतू नव्हता. स्वतः टिळकांच्या नशिबी मात्र अध्यक्षपद आलेच नाही. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी त्यांची निवड झाली, पण चिरोलवरील खटल्यासाठी ते विलायतेस गेले आणि त्यांच्या जागी पंडित मदनमोहन मालवीय बसले. ज्याच्या नावावरून काँग्रेस दुभंगली, तो त्या खुर्चीवर एकदाही बसला नाही.

नागपूरचे १९०७ साली हुकलेले अधिवेशन अखेर १९२० च्या डिसेंबरात भरले. टिळक १ ऑगस्ट रोजी कालवश झाले होते. डॉ. मुंज्यांनी पाँडिचेरीस अरविंदबाबूंना अध्यक्षपद स्वीकारण्याची गळ घातली. त्यांनी पत्र पाठवून नकार दिला. अखेरीस सेलमचे विजयराघवाचार्य अध्यक्ष झाले. पण या वेळी अध्यक्ष कोण, याकडे फारसे कोणाचे लक्षच नव्हते. चौदा हजारांवर प्रतिनिधी गांधीजींकडे पाहत होते. असहकाराची लाट रायपुरातही आली. वामनराव लाख्यांनी सरकारने दिलेली ‘रायसाहेब’ ही पदवी परत केली, आणि सप्रे राष्ट्रीय विद्यालयाच्या कामाला लागले. सहकारी बँकेच्या हिशेबांत रमणारे लाखे आणि क्षमापत्राचा सल उरी बाळगणारे सप्रे, या दोघांना मवाळ म्हणावे की जहाल, हे आता कोणी विचारीत नव्हते.

त्याच नागपूर अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली. चार आणे वर्गणी भरणारा कोणीही सभासद होऊ लागला, स्वागत समित्यांतील प्रतिष्ठितांचा वरचश्मा संपला, आणि प्रांतिक समित्या भाषावार झाल्या. मराठी मध्यप्रांताची समिती नागपुरास, वऱ्हाडची अमरावतीस, आणि हिंदी मध्यप्रांताची जबलपुरास. रायपूर जिल्हा या तिसऱ्या समितीत गेला. नागपूरच्या त्या मंडपातून रायपूरचा मराठी प्रतिनिधी गाडीने घरी परतला, तेव्हा काँग्रेसच्या दप्तरी त्याचा प्रांत हिंदी झाला होता, आणि अध्यक्ष कोण असावा याविषयीचे त्याचे मत यापुढे जबलपूरमार्फत जाणार होते.